गोळी सगळ्यांनी घ्यायची असते

मोठ्या आजारांवर लोक लिहितात. कॅन्सरवर लिहितात, बायपासवर लिहितात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. जंतांवर कुणी लिहीत नाही. जंत म्हटलं की माणसं आधी हसतात, मग नाक मुरडतात, आणि मग तुमच्या हातचा चहा तसाच खाली ठेवतात. माझ्या हातचा चहा असा खाली ठेवलेला मी पाहिलाय, म्हणून लिहितेय. जंतांनी कुणी मरत नाही हे मलाही ठाऊक आहे. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

माझं माहेर सांगलीचं आणि सासर कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात. नवरा संदीप सैन्यात, त्या वेळी आसाममध्ये. गावच्या घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. धाकटे दीर प्रमोद, ऊस आणि आल्याचं बघणारे. त्यांची बायको शुभांगी आणि तिचा नुकता पाऊल टाकायला लागलेला विराज. आणि मी, आणि माझी तनू. तनू तेव्हा पाच वर्षांची होती.

चावतंय

तनू तान्ही असल्यापासून आजीजवळ झोपायची. मधल्या खोलीत, आत्यांच्या वाकळेत, त्यांच्या पोटाला पाठ लावून. मला त्याचं बरंच वाटायचं. बाप लांब असलेल्या पोरीला आणखी एक कूस मिळाली म्हणून.

एका उन्हाळ्यात तिची झोप बिघडली. डोळा लागला की थोड्याच वेळात चुळबुळ सुरू. पाय झाडायची, पालथी व्हायची, उशीत तोंड घालून कण्हायची. उठवलं तर एवढंच म्हणायची, "आई, चावतंय." काय चावतंय? कुठं? ते तिला सांगता यायचं नाही. दाखवायची लाज वाटायची. पाच वर्षांच्या मुलीलाही लाज कळते, कारण ती कुठं वाटून घ्यायची हे आपण तिला बोलता येण्याच्या आधीच शिकवलेलं असतं.

आम्ही ढेकूण शोधले. गादी उन्हात टाकली. मुंग्या असतील म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आत्यांनी मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढली. उष्णता झाली असेल म्हणून सब्जा भिजवून दिला. झोपेत दात खाल्ले की जंत, असं आमच्याकडे म्हणतात. तनू दात खात नव्हती. त्यामुळे जंत कुणालाच सुचले नाहीत.

दिवसाही तिचा हात मागं जायला लागला. खेळताना, जेवताना, टीव्ही बघताना. झोप नसल्यानं डोळे ओढलेले, सारखी किरकिर. ही हसरी मुलगी अशी का झाली याचा विचार कुणी केला नाही. हाताचा मात्र सगळ्यांनी केला.

"ताई, तिला ती सवय लागलीया वाटतं," शुभांगी मला धुणं वाळत घालताना म्हणाली. "लहान पोरींस्नी लागती म्हणं कवाकवा. आताच मोडा."

सवय. हा शब्द घरात आला आणि बसला. मग तो शाळेतही गेला.

एकटीला बसायला दिलं

तनूच्या शाळेतल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. वर्गाबाहेर, व्हरांड्यात, चपला काढायच्या जागी उभं राहून आमचं बोलणं झालं.

"हात सारखा तिथं असतो तिचा. बाकीची मुलं बघतात हो. घरी मोबाइल फार देता का? काही बघण्यात आलंय का तिच्या?"

"तिला खाजतं मॅडम. झोपू शकत नाही ती."

"मग आंघोळ नीट घाला," मॅडम म्हणाल्या. आणि आवाज खाली आणून, जणू माझ्यावर उपकार करतायत अशा सुरात, "मी काही कुणाला सांगितलेलं नाही."

घरी येताना तनू म्हणाली, "आई, मला मॅडमनी शिक्षा नाही केली. मला एकटीला बसायला दिलं."

उलथनं

सकाळची वेळ. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. गॅस असला तरी भाकरी त्या चुलीवरच करतात. तनू शाळेच्या गणवेशात त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. एका हातानं मागं खाजवलं आणि तोच हात तिनं दुरडीतल्या भाकरीकडं नेला.

आत्यांच्या हातात उलथनं होतं. तव्यावरून नुकतंच उचललेलं. ते त्यांनी तिच्या बोटांवर मारलं.

"घाणेरडी कुठली! हात कुटं आसतो तुजा, आं? त्योच हात आन्नाला लावती?"

तनू ओरडली नाही. दुसऱ्या हातानं ती बोटं मुठीत धरून माझ्याकडं बघत राहिली. बोटांवर लाल पट्टा उठला. मी तिला उचललं, मोरीत नेऊन नळाखाली हात धरला. मागून आत्या म्हणत होत्या, "लाडानंच वाटूळं केलंयस पोरीचं."

त्या दिवशी मी तिला शाळेत पाठवलं नाही. दोघी एसटीनं साताऱ्याला गेलो.

डॉक्टरांकडे

मुलांच्या डॉक्टरांकडं एवढी गर्दी, की बाकांवर जागा नव्हती. आम्ही पायऱ्यांवर बसलो. नंबर येईपर्यंत तनू माझ्या मांडीवर झोपून गेली. दिवसा तिला छान झोप लागायची.

मी डॉक्टरांना सुरुवातीपासून सांगायला लागले. दृष्ट, उष्णता, सवय. त्यांनी मधेच विचारलं, "रात्री जास्त? झोप लागली की?"

"हो."

"खाज मागच्या जागी?"

"हो."

"जंत आहेत. अगदी बारीक, सुतासारखे. मुलांना होतात. रात्री बाहेर येऊन तिथं अंडी घालतात, म्हणून खाजतं. आज ती झोपली की थोड्या वेळानं बॅटरी घेऊन बघा, दिसतील."

"म्हणजे सवय नाही?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "सवय कसली हो? त्या पोरीला खाज येते."

मी रडायला लागले. बाहेरच्या बायका दारातून वाकून बघत होत्या. त्यांना वाटलं असणार काहीतरी मोठं निघालं. मोठंच होतं. माझी मुलगी घाणेरडी नाही, हे तिच्या घरातल्या कुणी म्हणायच्या आधी एका परक्या माणसानं म्हटलं होतं.

औषध लिहून देताना डॉक्टरांनी बजावलं, "घरात जेवढी माणसं आहेत तेवढ्यांनी घ्यायचं. एकाच दिवशी. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. लहान बाळाचं वेगळं लिहून देतो. कुणी म्हणेल मला काही होत नाही, तरी घ्यायचं. आणि हिच्याजवळ जो झोपतो, त्यानं तर नक्की."

नखं कापा, सकाळी उठल्याबरोबर अंग धुवा, चड्ड्या-चादरी गरम पाण्यातून काढा, चादरी झटकू नका. हे सगळं मी पाठ करत घरी आले. परतीच्या एसटीत मला चक्क हलकं वाटत होतं. आजाराला नाव होतं, औषध पर्समध्ये होतं. आता घरी जाऊन सांगितलं की संपलं, असं मला खरोखर वाटत होतं.

तनू झोपल्यावर मी बॅटरी घेऊन बघितलं. होते. पांढरे, जिवंत, सुताच्या तुटक्या टोकांसारखे. माझ्याच मुलीवरून माझा हात झटकन मागं आला. मग मी ओल्या कापसानं पुसून घेतलं, तेल लावलं, आणि ती शांत झाली. इतके दिवस हे तिच्या अंगावर होतं आणि आम्ही मोहरी उतरवत बसलो होतो.

जेवणानंतर

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर मी प्रत्येकापुढं एक एक गोळी ठेवली. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तनूला आधी दिली. मग सगळ्यांच्या देखत मी माझी घेतली.

प्रमोद भावजी हसले. "मला काय झालंय वैनी? मी तर दगूड पचवतो." पण आईकडं बघत थांबले.

आत्यांनी गोळी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत माझ्यापुढं सरकवली.

"ह्या घरात जंत? आमी काय उकिरड्यावर ऱ्हातो व्हय? तीन पिढ्या झाल्या, कुणाला जंत झालं न्हाईत. तुज्या सांगलीचं पाणी आसंल ते. सुट्टीत नेली हुतीस न्हवं?"

"आवं आत्या, ती तुमच्यापाशी झोपती. डॉक्टर म्हणाले—"

"डाक्टर म्हनला म्हनून पोरीच्या रोगाची गोळी मी खाऊ? मला न्हाई काय झालं."

प्रमोद भावजींनी त्यांची गोळी ताटातच ठेवली. शुभांगीनं उचलली आणि आत गेली. ती तिनं खाल्ली की मोरीत टाकली, मला आजही माहीत नाही. आत्यांची गोळी सकाळी खरकट्याच्या बादलीत होती.

मी चादरी उकळल्या. तनूची नखं कापली. आत्यांची वाकळही मागितली. ती त्यांच्या आईच्या लुगड्यांची होती. "त्याला उकळतं पानी घालशील तर बग," म्हणाल्या. तनू मात्र अजून त्यांच्याजवळच झोपायला जायची. बोटांवर मार खाऊनसुद्धा. लहान मुलांना दुसरी जागा माहीत नसते.

थोडे दिवस तनू झोपली. मग एका संध्याकाळी टीव्ही बघता बघता तिचा हात मागं गेला आणि तिनं तो एकदम समोर आणून मांडीखाली दाबून धरला. माझ्याकडं बघून म्हणाली, "नाही आई, काही नाही."

तिसऱ्यांदा

दुसऱ्यांदा औषध दिलं, तिला माझ्याजवळ झोपवायला लागले. पुन्हा थोडे दिवस बरे गेले. तिसऱ्यांदा मी साताऱ्याला गेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"सगळ्यांनी घेतली का?"

"नाही."

"मग हे परत येणार. मी औषध देत राहीन, ते येत राहतील. घर एक, संडास एक, टॉवेल एक. एकट्या पोरीला बरं करून काय होणार?"

कुणाकडून कुणाकडं गेलं हे जंतांना विचारता येत नाही. घरात मात्र उत्तर ठरलेलं होतं. तनूचं ताट वेगळं झालं. तनूनं विराजला उचलायचं नाही. तनू पाटावर बसली की शुभांगी मागून तो पाट पुसायची. ती वाईट बाई नाही, तिला तिच्या बाळाची भीती होती. पण ज्या गोळीनं भीती संपली असती ती सगळ्यांसमोर घ्यायला तिला सासूचा धाक वाटला, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीमागं फडकं फिरवायला तिला कुणाचा धाक वाटला नाही.

मग भावकीत कळलं. कसं कळलं हे विचारायची गरज नव्हती. आत्यांची चुलत जाऊ दुपारच्या येऊन बसल्या होत्या. मी चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, मग दारात खेळणाऱ्या तनूकडं बघितलं, आणि कप खाली ठेवला. "आताच पिऊन आले गं बाय," म्हणाल्या. त्यांच्यामागं आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जाताना दारातून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. आत्या सांगत होत्या, "आईनं सोच्छता ठेवली न्हाई, दुसरं काय. शिकल्याली हाय नुसती."

मी संदीपला फोन केला. आधीही करत होते, पण त्या दिवशी भांडले.

"अगं, मी इथून आईला गोळी घे म्हणून सांगू?" तो म्हणाला. "तिला वाटेल बायकोनं शिकवलं."

"तुमच्याकडं नाही देत का गोळ्या?"

"देतात की. लाइनीत उभं करतात, हातावर गोळी, समोर गिळायची. सुभेदारसुद्धा लाइनीत असतात. कुणी विचारत नाही."

"मग हेच आईंना सांगा की."

"ते वेगळं गं."

काय वेगळं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. मी फोन ठेवला आणि बॅग भरली.

सांगली

माझे वडील एसटीत मेकॅनिक होते, आता निवृत्त. मी दारात उभी राहूनच सगळं सांगायला सुरुवात केली, कारण वाटेत मी ठरवलं होतं की आधी सांगायचं, मग आत जायचं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी हात पुढं केला.

"आण इकडं. पाणी दे गं एक तांब्या."

त्यांनी गोळी घेतली, आईनं घेतली. मग दोघं बातम्या बघत बसले. एवढंच होतं ते. ज्यासाठी मी सासरी दोन महिने हात जोडत होते, ते जाहिराती संपायच्या आत झालं.

आईनं दोन पातेल्यांत पाणी उकळत ठेवलं. गच्चीवर चादरी पसरल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी तनूची नखं कापायला बसायचे आणि तिच्याकडून आपलीही कापून घ्यायचे. एका ताटात जेवायचे तिच्याबरोबर. आणि तनू झोपायला लागली. सकाळी तिला उठवावं लागायचं. तिच्या तोंडावर उशीच्या वळ्या उमटलेल्या असायच्या, त्या बघून मी मुद्दाम तिला उशिरा उठवायची.

तरी माहेर म्हणजे सगळं सुखाचं असं मी लिहिणार नाही. शेजारणी विचारायला लागल्या, लेक इतके दिवस कशी राहिली? एके दिवशी मी जिन्यात असताना आई खाली कुणाला तरी सांगत होती, "नातीला टायफॉइड झालावता हो. फार अशक्तपणा आलाय."

ती वर आल्यावर मी तिला विचारलं. ती चिडली.

"मग काय सांगू? जंतापायी पोरगी नांदायची सोडून आली म्हणून सांगू? लोकं हसतील."

टायफॉइड चालतो. टायफॉइडला इज्जत आहे. माझ्या आईनं गोळी न विचारता घेतली, पण त्या शब्दाची लाज तिलाही तेवढीच होती.

गावाकडून फोन नव्हता. एकदा शुभांगीचा आला, हळू आवाजात. "ताई, विराज पन झोपंना झालाय ओ. मी त्याला दिलं औषध, चोरून. आत्यांना सांगू नका." तिच्यासाठी मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ते बरं वाटणं काही चांगलं नव्हतं.

सुट्टी

संदीप सुट्टीवर आला तो आधी गावी गेला आणि मग आम्हाला न्यायला सांगलीला. तनू त्याच्या गळ्यात पडली. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "चला आता. झालं गेलं."

"काही गेलेलं नाही," मी म्हटलं. "मी येते. पण मी उंबऱ्यात पाऊल टाकल्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी माझ्यासमोर गोळी घ्यायची. तुम्हीसुद्धा. लाइनीत उभं करा नाहीतर बसवून द्या."

त्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "जावईबापू, पोरगी रास्त बोलती."

संदीप एकटाच परत गेला. दोन दिवसांनी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. प्रमोद तयार झाला होता. शुभांगी तयार होती. आत्या नव्हत्या.

"आई म्हणती, सुनंच्या हुकमानं गोळी खाणार न्हाई. मरंन पन खाणार न्हाई." तो भिंतीला टेकून बसला. "ती रडली गं. मी आईला कधी एवढं रडताना बघितलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. एका गोळीला एवढं काय, मला कळंना."

मलाही कळलं नाही. मला वाटलं, हट्ट. सुनेपुढं हरायचं नाही, एवढंच.

सुट्टी संपायच्या आत त्यानं साताऱ्यात दोन खोल्या बघितल्या. आमचा संसार टेम्पोत भरताना आत्या बाहेर आल्या नाहीत. आतून त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होत्या, की जंताचं निमित्त करून सुनेनं घर फोडलं. भावकीत आजही तसंच सांगतात. मी खोडायला जात नाही. एका अर्थी खरंच आहे ते.

बरं झाल्यावर

साताऱ्यात तनूला पुन्हा त्रास झाला नाही. नवी शाळा लागली. ज्या आयांच्या घरी हे चाललंय त्यांना मी एवढंच सांगेन की याला औषध आहे, ते साधं आहे, आणि मूल त्यातून लवकर बरं होतं.

ऐकलेलं मात्र उतरायला वेळ लागतो. तनू हात धुवायची. खाण्याआधी, खाल्ल्यावर, वही उघडण्याआधी, कुणी घरी आलं की. थंडीत बोटांच्या मागची कातडी फुटून रक्त यायचं, तरी साबण लावायची. "पुरे झालं गं," म्हटलं की वास घेऊन बघायला सांगायची. वाढदिवसाला बोलावलं तर वेफर्सच्या ताटलीत हात घालायची नाही, दुसऱ्यानं वाढायची वाट बघायची. त्याच डॉक्टरांकडं मी पुन्हा गेले. ते म्हणाले, "ह्याला माझ्याकडं गोळी नाही. वेळ द्या."

ऑपरेशन

तनू आठ वर्षांची असताना आत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्यात झालं. गावाकडं धूळ, शेण, चुलीचा धूर; डोळ्यांत दिवसातून अनेकदा थेंब घालायचे. संदीपनं फोनवर चाचरत विचारलं. मी म्हटलं, आणा.

त्या आल्या. एका डोळ्याला हिरवं फडकं बांधलेलं, भिंत चाचपत. आम्ही दोघी गरजेपुरतं बोलायचो. थेंब घालायची वेळ झाली की त्या उताण्या व्हायच्या आणि मी त्यांची पापणी ओढून धरायची. इतक्या वर्षांत मी त्यांच्या इतक्या जवळ गेले नव्हते.

एका दुपारी, तनू शाळेत गेलेली असताना, मी थेंब घालून उठले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"वैशाली, ती गोळी हाय का गं तुज्याकडं?"

"कसली? दुखतंय का डोळा?"

"डोळा न्हवं." त्या भिंतीकडं तोंड करून बोलल्या. "ती. पोरीला दिल्याली."

मला समजायला वेळ लागला. मग मी खाली बसले.

"कवापासनं आत्या?"

"लय दिस झालं."

"लय म्हंजे? तनूच्या वक्ताला हुतं?"

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मी पुन्हा विचारलं.

"हुतं. आधीपासनं हुतं. मला वाटलं मूळव्याध हाय. तू त्या दिवशी जेवान झाल्यावर सांगितलंस तवा उमगलं."

"मग तवा का न्हाई घेतली?"

"सगळ्यांम्होरं?" त्यांचा आवाज फुटला. "प्रमोदम्होरं? धाकटी सून बसल्याली. ह्या वयात मला आसलं झालंय म्हनून लेकाम्होरं कबूल हू?"

"मी तुमाला एकटीला आणून दिली आसती की."

"मी खाल्ली आसती, आन् मग पोरगी बरी झाली आसती, तर सगळ्यांनी म्हटलं आसतं, म्हातारीमुळंच हुतं."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. हिशोब पक्का होता. पोरीवर राहिलं तर म्हातारीवर येत नाही. तीन वर्षं त्या हे अंगावर घेऊन झोपत होत्या, त्याच वाकळेत.

मी औषधाच्या दुकानात जाऊन आले. गोळी दिली, पाणी दिलं, त्यांनी घेतली. पेला परत देताना म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस, बाय."

"तनूचं भावकीला कुणी सांगितलं आत्या? तिनं बिचारीनं कुणाला सांगू नका म्हटलं नव्हतं, कारण तिला तेवढंही कळत नव्हतं."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"मी कुणाला सांगायचं ते माझं मी बघीन," मी म्हटलं. "तुमी एकीला सांगायचं. तनूला."

"पोरीला? ती काय म्हनंल?"

"ते तीच सांगंल."

त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आठवण केली नाही. तिसऱ्या दिवशी तनू शाळेतून आली, हात धुतले, आणि जमिनीवर वही पसरून अभ्यासाला बसली. आत्या कॉटवर होत्या. मी ओट्याशी कणीक मळत होते.

"तनू," आत्यांनी हाक मारली. "तुला बारकी आसताना ते झालं हुतं बग. रातीचं चावायचं."

तनूची पेन्सिल चालायची थांबली. तिनं मान वर केली नाही.

"मला बी झालं हुतं तसंच. तवाच. तुज्यामुळं न्हवतं काय झालं. मलाच हुतं."

आता तनूनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं असं दिसत होतं.

"तुला पण चावायचं, आजी?"

"व्हय."

"खाजवायचीस?"

"व्हय गं."

"मग तुला कुणी मारलं?"

तनू वाट बघत राहिली. तिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"कुनी न्हाई, बाळा," आत्या म्हणाल्या.

"बरं," तनू म्हणाली आणि परत वहीवर वाकली.

आत्या रडायला लागल्या. आवाज न करता, बांधलेल्या डोळ्यातूनसुद्धा. डोळ्याला ताण नको, रडू देऊ नका, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. थेंबांची वेळही झाली होती. मी कणकेचे हात धुतले, बाटली घेतली आणि कॉटजवळ जाऊन उभी राहिले. त्यांना थांबा म्हणाले नाही. त्यांचं रडून होऊ दिलं, डोळा कापसानं कोरडा केला, आणि मग थेंब घातले.